साथ, मुले आणि अंगण



साथीच्या रोगांचा इतिहास लिहिणारे बहुधा दोन गोष्टी मोजतात : आजारी किती पडले आणि दगावले किती. ते मोजायलाच हवे. पण ज्या घरात तीन-चार वर्षांचे पोर आहे, त्या घरातल्या आईबापांना साथीच्या दिवसांत रोज सकाळी आणखी एक प्रश्न पडतो आणि त्याची नोंद सरकारी दप्तरात फारशी सापडत नाही. तो प्रश्न म्हणजे, "याला आज बाहेर खेळायला सोडायचे की नाही?"

२०२० च्या मार्च महिन्यात हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एकाच आठवड्यात येऊन बसला. त्या वेळी तीन-चार वर्षांची असलेली मुले आता उंचीने आईच्या खांद्याला लागू लागली आहेत. त्यांना त्या दिवसांतले फारसे आठवत नाही. पार्कातल्या झोपाळ्याभोवती गुंडाळलेली पिवळी फीत आठवते ती आपल्याला.

हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला होता असे मात्र नाही. याच देशात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो निदान चार वेळा पडला. प्रत्येक वेळी आईबापांनी, डॉक्टरांनी आणि सरकारनेही नव्या रोगाला मागच्या रोगाच्या मापाचे कपडे शिवले; काही वेळा ते बसले, काही वेळा नाही. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

थंडीतली शाळा

पहिला प्रसंग क्षयाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्षय हे मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक होते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ साली. तोपर्यंत डॉक्टरांच्या हाती विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा एवढेच होते. जर्मनीत बर्लिनलगतच्या शार्लोटेनबर्गला १९०४ साली अशक्त मुलांसाठी झाडीत शाळा भरवण्याचा प्रयोग झाला. त्यावरून स्फूर्ती घेऊन मेरी पॅकार्ड आणि एलन स्टोन या दोन स्त्री-डॉक्टरांनी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात १९०८ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीत, अशी शाळा सुरू करवली. एका जुन्या शाळेच्या इमारतीत खालपासून वरपर्यंत मोठ्या खिडक्या केल्या आणि त्या दिवसभर उघड्या ठेवल्या. मुले जाड पोत्यासारख्या उबदार पिशव्यांत कमरेपर्यंत शिरून बसत आणि पायाशी तापवलेला दगड असे.

आपल्याकडे डिसेंबरात गच्चीवर जायचे म्हटले तरी कानटोपी शोधली जाते. तेव्हा न्यू इंग्लंडच्या जानेवारीत मुलांना उघड्या खिडकीशी बसवणाऱ्या आयांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. तरीही ही कल्पना रुजली. पुढच्या काही वर्षांत अनेक शहरांत अशा शाळा निघाल्या; काही गच्च्यांवर, तर न्यूयॉर्कमध्ये वापरात नसलेल्या बोटींवरसुद्धा. क्षयाचे जंतू बंद खोलीतल्या हवेत तरंगत राहतात, म्हणून उघडी खिडकी या रोगाच्या बाबतीत खरोखरच उपयोगाची होती. माप बरोबर बसले.

मोकळ्यावर जाण्याचा हा उपाय आपल्या पणजोबांच्या पिढीलाही अनोळखी नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्रात गावेच्या गावे माळावर, रानात झोपड्या बांधून राहू लागली. अनेक घराण्यांत 'प्लेगच्या साली' जन्मलेल्या मंडळींच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. गाव सोडण्याने जीव वाचतो हे लोकांना अनुभवाने कळले, पण का वाचतो ते नंतर समजले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो असे मांडले आणि १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग कमिशनने ते पक्के केले. म्हणजे माळावरची मुले वाचली ती केवळ हवा मोकळी म्हणून नव्हे. घरातले उंदीर मागे राहिले म्हणून. उपाय तोच, कारण वेगळे. साथीच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा असतो.

ब्रुकलिनचा उन्हाळा

दुसरा प्रसंग १९१६ चा. त्या वर्षीच्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, मुख्यतः इटालियन स्थलांतरितांच्या वस्तीत, लहान मुलांचे हातपाय लुळे पडू लागले. पोलिओ हा शब्द तेव्हा घरोघरी झालेला नव्हता. लोक त्याला बाळांचा पक्षाघात म्हणत. त्या एका उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात सुमारे ९,००० जणांना हा रोग झाला आणि सुमारे २,४०० दगावले. त्यांतली बहुसंख्य पाच वर्षांखालची होती. देशभरचा आकडा सुमारे २७,००० रुग्ण आणि ६,००० मृत्यू असा होता.

रोग कसा पसरतो हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. मग ज्याची आधीपासून भीती होती त्यावरच बोट ठेवले गेले. रस्ते पाण्याने धुतले, कचरा हलवला, हजारो मांजरे मारली. सोळा वर्षांखालच्या मुलांना सिनेमागृहात बंदी झाली. शहराबाहेर जायचे तर मूल निरोगी असल्याचा दाखला लागे आणि आसपासच्या काही गावांनी तर शहरातून येणाऱ्या कुटुंबांना परत पाठवण्यासाठी वेशीवर पहारे बसवले. शाळा सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत उघडल्या नाहीत.

सगळ्यांत जास्त बोल लागला तो इटालियन आयांना. ही माणसे परदेशातून आली, यांची घरे गलिच्छ, म्हणून रोग आला, असे उघडपणे बोलले गेले. ज्या घरात आजारी मुलासाठी वेगळी खोली आणि वेगळा संडास नाही, तिथून मूल उचलून इस्पितळात नेण्याची मुभा अधिकाऱ्यांना होती. चाळवजा घरात राहणाऱ्यांकडे वेगळी खोली कुठून असणार? त्यामुळे पुष्कळ आयांनी मुलांना घरातच दडवून ठेवले. परक्या देशात आपले पोर आपल्याकडून काढून घेतील ही धास्ती काय असते, ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

पुढे शास्त्राने उलटेच दाखवले. पोलिओचा विषाणू विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून आणि पाण्यातून पसरतो. पूर्वी तो इतका सर्वत्र असे, की बाळाला तो अगदी तान्हेपणी, आईकडून मिळालेले संरक्षण शाबूत असतानाच गाठे आणि बहुधा काही न होता निघून जाई. नळाचे शुद्ध पाणी आणि गटारे आल्यावर मुलांची गाठ त्याच्याशी उशिरा पडू लागली आणि लुळेपणाचे प्रमाण वाढले. म्हणजे ही मोठी साथ घाणीची नव्हती, उलट शहर स्वच्छ होऊ लागल्याची होती. पण १९१६ सालच्या आईला हे कोण सांगणार? तिने आपल्याजवळ होती तेवढ्या माहितीवर निर्णय घेतला आणि पोराला घरात घेतले.

शाळा उघडी, पालक घाबरलेले

दोनच वर्षांनी, १९१८ च्या शरद ऋतूत, इन्फ्लुएन्झाची महासाथ आली. बहुतेक अमेरिकन शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागो या दोन बड्या शहरांनी मात्र त्या उघड्या ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचा युक्तिवाद असा होता : शहरातली बहुतेक मुले दाटीच्या, अंधाऱ्या घरांत राहतात, शाळेची इमारत त्याहून मोठी, स्वच्छ आणि हवेशीर आहे, तिथे शिक्षक आणि नर्स रोज मुलाला डोळ्यांखालून घालतात. शाळेबाहेर घोळका करायचा नाही, आल्याबरोबर थेट वर्गात जायचे, एवढी अट होती. शिकागोतही वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवण्यावर भर दिला गेला.

यात पालकांचे मत कोणी विचारले नव्हते. पण त्यांनी ते दिलेच. शिकागोत शाळा उघड्या असूनही गैरहजेरी भराभर वाढली, कारण आईबाप मुलांना पाठवायलाच तयार नव्हते. अधिकाऱ्यांनी या भीतीला थट्टेने 'फ्लूफोबिया' असे नावही दिले. मला ही थट्टा आवडत नाही. ज्या बाईच्या शेजारच्या घरातून चार दिवसांत दोन माणसे गेली, तिने पोराला घरी ठेवले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? आपल्या मुंबईत त्याच वर्षी जूनपासून ही साथ सुरू झाली होती आणि शरद ऋतूतली दुसरी लाट भयंकर होती. हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आपल्या बहुतेकांच्या घराण्यात त्या साथीत गेलेले कोणी ना कोणी असेल. फक्त नाव आता कोणाला आठवत नाही.

तरी कोपलंड यांच्या म्हणण्यात एक गोष्ट पक्की होती. 'घर' म्हणजे आपोआप सुरक्षित आणि 'बाहेर' म्हणजे आपोआप धोक्याचे, असे नसते. घर केवढे, त्यात माणसे किती, हवा खेळते की नाही, यावर ते ठरते.

रेडिओवरची कवायत

तिसरा प्रसंग पुन्हा पोलिओचा, पण लांबलेला. जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात परत येणारा. १९३७ च्या सप्टेंबरात शिकागोत पोलिओमुळे शाळा उघडणे सुमारे तीन आठवडे लांबले. तेव्हा तिथल्या शाळाखात्याने तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांना रेडिओवरून धडे दिले. सहा रेडिओ केंद्रांनी वेळ दिला आणि वर्तमानपत्रांनी वेळापत्रक छापले. धडे अवघे पंधरा मिनिटांचे असत. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रेडिओवरच्या शाळेचा दिवस सूचना आणि कवायतीने सुरू होई! कोणाच्या तरी डोक्यात आले होते, की मुलांना दिवसभर यंत्रासमोर बसवायचे असेल तर आधी त्यांचे हातपाय हलवून घ्यावेत. २०२० साली आपण संगणकाचा पडदा उघडून मुलांना त्यापुढे बसवले, तेव्हा किती शाळांनी दिवसाची सुरुवात उड्या मारून केली, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

१९४० च्या दशकात आणि १९५० च्या सुरुवातीला उन्हाळा आला की अमेरिकन आयांच्या पोटात गोळा येई. गावोगावचे पोहण्याचे तलाव बंद होत. सिनेमा नाही, जत्रा नाही, गर्दी नाही. दुपारी मुलांनी सक्तीने झोपायचे, दमायचे नाही, गार पाण्यात भिजायचे नाही. पोलिओ-निवारणाचे काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पत्रकेही हेच सांगत : नव्या माणसांत मिसळू नका, अति दमू नका, गारठू नका, हात धुवा.

आता कोणी म्हणेल, खेळून दमल्याने कधी रोग होतो का? इथे शास्त्र आयांच्या बाजूने उभे राहिले. इंग्लंडमध्ये डॉ. रिची रसेल यांनी १९४७ साली दाखवले, की पोलिओचा संसर्ग झाल्यानंतर, लुळेपणा येण्याआधीच्या दिवसांत ज्यांनी जोराचे शारीरिक श्रम केले त्यांचा लुळेपणा अधिक गंभीर झाला. म्हणजे साथीच्या दिवसांत अंगात कसकस असताना मुलाला धावू न देणारी आई बरोबरच वागत होती. त्या रोगाला ते माप बसत होते.

पण रोग होऊन गेल्यावर काय? तेव्हाचे डॉक्टर आजारी मुलांचे हातपाय महिनोन्महिने पट्ट्या आणि प्लास्टर लावून जखडून ठेवत. १९४० साली एलिझाबेथ केनी ही ऑस्ट्रेलियन परिचारिका अमेरिकेत आली आणि तिने उलटे सांगितले : दुखऱ्या स्नायूंना गरम ओल्या लोकरीचा शेक द्या आणि हातपाय हळूहळू हलवा. पुष्कळ डॉक्टरांनी तिला वेड्यात काढले, पण आईबापांनी पोरांना तिच्याकडे न्यायला सुरुवात केली. मिनियापोलिस शहरात १९४२ साली तिच्या नावाची संस्था उभी राहिली. आजच्या फिजिओथेरपीच्या पायाभरणीत तिच्या कामाचा वाटा मोठा मानतात.

याच काळातली एक गोष्ट तुमच्या घरातल्या कपाटात असण्याचा संभव आहे. सॅन दिएगो शहरात एलिनॉर अॅबट ही शिक्षिका १९४८ साली पोलिओतून बरी होत होती. खाटेला खिळलेल्या लहान मुलांना वेळ कसा घालवायचा हे कळेना, म्हणून तिने पटावरचा एक सोपा खेळ तयार केला. वाचता येत नसले तरी रंग ओळखून पुढे सरकायचे. तोच १९४९ साली बाजारात आलेला 'कँडी लँड'. इथे वाढलेल्या आपल्या मुलांनी तो खेळलेला असतो. धावता न येणाऱ्या मुलांसाठी तो केला होता, हे त्यांना सांगावे.

१९५२ साली अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण झाले आणि ३,००० हून अधिक दगावले. १९५४ मध्ये सॉल्क यांच्या लशीच्या चाचणीत सुमारे १८ लाख मुले सहभागी झाली. इतक्या आईबापांनी कागदावर सही करून आपले मूल पुढे केले. १२ एप्रिल १९५५ रोजी अॅन आर्बर येथे लस यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. मुलांना पुन्हा तलावात उतरू देणारी ती लस होती. पण त्या पिढीच्या मनात एक गोष्ट कायमची बसली : साथ म्हणजे तलाव बंद, बाग बंद, हात लावायचा नाही.

पिवळी फीत

चौथा प्रसंग आपला. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले. पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यांचे लक्ष पृष्ठभागांवर होते. किराणा पुसून घ्यायचा, टपाल दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवायचे, आणि झोपाळा, घसरगुंडी यांना हात लावायचा नाही. न्यूयॉर्क शहरातली मुलांची खेळाची मैदाने १ एप्रिलला बंद झाली, ती २२ जूनला उघडली. इंग्लंडमध्ये घराबाहेर पडून दिवसातून एकदा व्यायाम करायला परवानगी होती. पण मुलांची क्रीडांगणे ४ जुलैपर्यंत बंद राहिली. स्पेनमध्ये १४ मार्चपासून सुमारे सहा आठवडे मुलांना पाय मोकळे करायलाही बाहेर नेता येत नव्हते. मोठ्यांना कुत्रा फिरवता येत होता, मूल नाही! बार्सिलोनाच्या महापौर अदा कोलाऊ यांनी मुलांना बाहेर सोडा अशी जाहीर विनवणी केली. अखेर २६ एप्रिलपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आत रोज एक तास मिळाला. डेन्मार्कने मात्र १५ एप्रिललाच बालवाड्या आणि लहान मुलांच्या शाळा उघडल्या, आणि शक्य तिथे धडे अंगणात घेतले. प्रॉव्हिडन्सची १९०८ ची शाळा जणू पुन्हा भरली.

इथे पालकांत सरळ दोन तट पडले. एका घरात अंगणाचे दारसुद्धा उघडत नव्हते. दुसऱ्या घरात मुले दिवसभर ड्राइव्ह-वेवर खडूने चित्रे काढीत होती. एकाला दुसरा बेफिकीर वाटे, दुसऱ्याला पहिला भित्रा. आपल्यासारख्या घरांची अडचण तर आणखी वेगळी होती. काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, २२ मार्चपासून भारतात जाणारी प्रवासी विमाने बंद झाल्यावर, इथेच अडकले. पोराला बाहेर न्यावे तर आजोबांच्या मधुमेहाची काळजी. न न्यावे तर दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये ते सोफ्यावरून उड्या मारणार आणि खालच्या मजल्यावरचा शेजारी छताला काठी ठोकणार. त्यात आईबाप दोघेही घरूनच कामावर. अशा वेळी मुलाच्या हाती टॅबलेट दिला असेल, तर त्या घराला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

पण हिशेब मांडायला हवा. कॅनडात एप्रिल २०२० मध्ये सुमारे १,५०० पालकांना विचारले, तेव्हा हालचाल, बसणे आणि झोप या तिन्हींच्या सूचना पाळल्या जात असलेली पाच ते अकरा वयोगटातली मुले शंभरात पाचसुद्धा नव्हती. निरनिराळ्या देशांतल्या २२ अभ्यासांची २०२२ साली बेरीज केली, तेव्हा मुलांची जोराची हालचाल दिवसाला सरासरी १७ मिनिटांनी घटलेली दिसली. चीनमधल्या फेइचेंग शहरात दरवर्षी शाळेत मुलांचे डोळे तपासतात. तिथे सहा वर्षांच्या मुलांत लघुदृष्टीचे प्रमाण आधीच्या पाच वर्षांत कधीही ६ टक्क्यांवर गेले नव्हते. २०२० मध्ये ते २१ टक्क्यांवर गेले. अमेरिकेत दोन ते एकोणीस वयाच्या ४ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहिल्या, तर वजन-उंचीच्या गुणोत्तराचा वाढण्याचा वेग साथीच्या काळात जवळपास दुप्पट झालेला आढळला. अंगण बंद केल्याची किंमत होती. ती त्या दिवशी दिसली नाही एवढेच.

आणि माप? ते या वेळी चुकले होते. कोविड मुख्यतः हवेतून, बंद खोलीत पसरतो. पृष्ठभागावरून संसर्ग होण्याचा धोका फार कमी आहे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले. म्हणजे झोपाळ्याला बांधलेली फीत ही पोलिओच्या आठवणीची फीत होती. कोविडच्या मापाचे उत्तर क्षयाच्या शाळेत होते : खिडकी उघडा, बाहेर पडा, अंतर ठेवा. कॅलिफोर्नियाने डिसेंबर २०२० मध्ये क्रीडांगणे पुन्हा बंद करायचे ठरवले, तेव्हा पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी इतका आवाज उठवला की काही दिवसांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला. नोव्हेंबरच्या टाळेबंदीत इंग्लंडनेही क्रीडांगणे उघडी ठेवली आणि बाहेर भेटणाऱ्यांची संख्या मोजताना पाच वर्षांखालची मुले मोजायची नाहीत असे ठरवले. आठ महिन्यांत शहाणपण आले, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही घाबरलेल्या पालकांना मी चूक म्हणणार नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेत लस आली ती थेट जून २०२२ मध्ये, सगळ्यांच्या शेवटी. तोपर्यंत त्यांच्या आईबापांना जग मोकळे झालेले दिसत होते आणि आपले पोर मात्र तसेच, असे वाटत होते.

क्लास आणि खेळ

आणखी एका गोष्टीकडे आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यायला हवे. आपल्याकडे मुलांची हालचाल म्हणजे क्लास, असे समीकरण झाले आहे : सोमवारी पोहणे, बुधवारी भरतनाट्यम्, शनिवारी सॉकर. २०२० मध्ये हे सगळे एकदम बंद पडले आणि पुष्कळांना वाटले, संपले, आता व्यायाम शून्य. पण त्या वसंतात अमेरिकेतल्या पालकांना विचारून केलेल्या एका पाहणीत असे दिसले, की मुले सर्वांत जास्त करीत होती ती गोष्ट म्हणजे नुसते मोकळे खेळणे, पळापळी, पकडापकडी. त्याखालोखाल चालायला जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेले मापही असेच आहे : एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून तीन तास हिंडावे-फिरावे, खेळावे, दोन वर्षांनंतर पडद्यासमोर एका तासापेक्षा जास्त बसू नये, आणि बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभराहून अधिक बांधून ठेवू नये. यात फी कुठेच नाही.

वर सांगितलेल्या कॅनडाच्या अभ्यासातून असेही दिसले, की ज्या घरांत आईबाप मुलांना उत्तेजन देत आणि स्वतः त्यांच्याबरोबर उतरत, तिथली मुले जास्त हलती राहिली. घरात कुत्रा असल्याचाही फायदा दिसला! सगळ्यांनाच कुत्रा पाळणे जमणार नाही, पण लंगडी, ठिकरी, दोरीच्या उड्या आणि लपंडाव हे खेळ आपल्या पिढीला येतात आणि त्यांना चार फरशांएवढी जागा पुरते. ते मुलांना शिकवले, तर पुढच्या साथीत क्लास बंद झाला तरी खेळ बंद होणार नाही. अडकलेल्या आजींनी त्या वसंतात नातवंडांना सागरगोटे आणि फुगड्या शिकवल्याच्या हकिगती आपल्याच मंडळींकडून ऐकायला मिळतात.

पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. येईल एवढे इतिहास सांगतो. ती आली की पहिल्याच दिवशी घरात तीन प्रश्न विचारावेत. हा रोग पसरतो कशाने : हवेने, हाताने, पाण्याने की किड्याने? आपल्या घरात जपायला हवे असे कोण आहे? आणि मूल आत ठेवले तर त्याचे काय काय जाईल? उत्तरे बदलतील तसा निर्णयही बदलावा. त्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याचा निर्णय वेगळा निघाला तर त्याच्या घरात कोण राहते ते आधी पाहावे.

एक विनंती. १९१६ च्या त्या इटालियन आयांनी काय विचार केला, ते आपल्याला जवळपास कळत नाही, कारण त्यांच्याविषयी लिहिले ते अधिकाऱ्यांनी. त्यांनी स्वतः फारसे लिहिले नाही. आपले तसे होऊ देऊ नये. २०२० च्या वसंतात तुमच्या घरी काय ठरले, कोणाचे कोणाशी पटले नाही, मुले कुठे आणि काय खेळली, हे एक-दोन पाने मराठीत लिहून ठेवा. शुद्धलेखनाची काळजी नको. एक प्रत मुलांच्या कागदपत्रांत ठेवा आणि एक आपल्या या अंकासाठी द्या. तुमच्या नातवंडांना तो प्रश्न पडेल, तेव्हा त्यांच्यापुढे निदान घरचे उत्तर असेल.